या वर्षी उलटून बोलणार नाही

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. माहेरी, नेवाशाकडे, आई म्हणायची, "एस्तेर, तुझ्या जिभेला हाड नाही." सासूबाईही तेच म्हणायच्या, फक्त चारचौघांत म्हणायच्या. माझा नवरा शेखर मात्र काहीच म्हणायचा नाही. मी भांडी आपटत बोलत राहायची, तो चहा पीत ऐकत राहायचा. आमचा संसार इतकी वर्षं असाच चालला होता, आणि तो बरा चालला होता हे काही मला तेव्हा कळलं नाही.

आम्ही पुण्याजवळ माणला राहतो, हैबतरावांच्या चाळीत. पूर्वी तिथं त्यांचं भाताचं खाचर होतं. आता खोल्यांची रांग आहे, आणि खोल्यांत जालन्याची, लातूरची, नागपूरची कंपनीतली पोरं. त्या पोरांचे डबे मी करते. शेखर ट्रॅव्हलर चालवतो. सकाळी कंपनीची माणसं आणायची, संध्याकाळी सोडायची, सुट्टीच्या दिवशी कुणाची सहल असली तर ती. आम्ही ख्रिस्ती. रविवारी आमची मंडळी भरते ती टायरच्या दुकानावरच्या खोलीत. पंचवीस-तीस माणसं, एक ढोलकी, एक पेटी आणि आमचे पाळक, जनार्दन साबळे.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. पहिल्या जानेवारीला सकाळच्या उपासनेत प्रत्येकानं आधी थाळीतून वचन काढायचं. छोट्या कागदी पट्ट्या असतात, त्यावर शास्त्रातलं एकेक वचन. हाताला येईल ते वर्षाचं वचन. मग उभं राहून वर्षाचा निर्धार सांगायचा. बाया आधी, पुरुष मागून. निर्धार देवाच्या कामाचा पाहिजे. वजन कमी करीन, स्कूटर शिकेन असलं काही चालत नाही. सांगून झालं की सगळी मंडळी तीनदा आमेन म्हणते आणि पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवतात. तिथून पुढं दर रविवारी ते विचारणार, "टिकलात का?" आणि आपण सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं.

आता गेल्या गणपतीत शेखरला हार्टचा झटका आला होता. पुण्याला नेऊन स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनीत बारीक नळी, बसवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "ही रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. वर्षभर एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकली तर ती नळी आतून बंद पडू शकते, आणि मग दवाखान्यात आणायलाही वेळ मिळणार नाही." मी ते वाक्य तसंच्या तसं मनात ठेवलं. रोज सकाळी तांब्या आणि गोळ्या घेऊन त्याच्या समोर उभी राहायची आणि घशाखाली उतरेपर्यंत हलायची नाही. थोड्या महिन्यांनी त्याला पुन्हा गाडी चालवायची परवानगी मिळाली. आमचं बरं चाललं होतं.

पहिल्या जानेवारीला माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "या वर्षी मी नवऱ्याला उलटून बोलणार नाही. ते म्हणतील त्याला मान देईन. माझी जीभ मी प्रभूच्या हाती देते."

सगळी खोली हसली. पेटीवाला तर पेटीवरच आडवा झाला. आमच्यातल्या गंगूबाई, साखरेच्या आजारानं पाय सुजलेल्या, पण थट्टेत सगळ्यांच्या पुढं. त्या म्हणाल्या, "अगं, संक्रांतीपर्यंत टिकलीस तरी आम्ही चमत्कार म्हणू!"

मला राग आला, पण गिळला. झाली ना सुरुवात, म्हटलं. तीनदा आमेन झालं. पाळकसाहेबांचा हात डोक्यावर पडला तेव्हा खरंच वाटलं की या वर्षी मी वेगळी बाई होणार.

मग पुरुष उठले. मनीष म्हणून कंपनीतला एक पोरगा आहे, माझाच डबा खातो. त्यानं रोज पहाटे प्रार्थना करायचा निर्धार केला. त्याच्या मागून शेखर उठला. त्याच्या हातात वचनाची पट्टी होती. त्याला बरे करण्याचं वचन आलं होतं. देव स्वतः तुझे रोग दूर करील, अशा अर्थाचं. तो म्हणाला, "मंडळी, झटका आल्यापासून मी गोळ्यांवर भरवसा ठेवून जगतोय. आज प्रभू माझ्याशी बोलला. या वर्षी माझा भरवसा फक्त त्याच्यावर. आजपासून मी गोळ्या बंद केल्या."

"आमेन!" खोली दणाणली. "आमेन! आमेन!"

तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ सांगते. अहो, डोकं ठिकाणावर आहे का, हे शब्द ओठांवर होते. पण शेजारच्या बाया माझ्याकडेच बघत होत्या, गालात हसत. बघू, एस्तेर पहिल्या दहा मिनिटांत मोडते का. मी ओठ आवळले. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, पण हात त्यांनी काढला नाही.

घरी जायला आम्ही निघालो. शेखर जिन्यात थांबून म्हणाला, "काय, काही म्हणायचंय?"

तो माझी परीक्षा बघतोय असं मला वाटलं. मी म्हणाले, "नाही. तुम्ही म्हणाल ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन गेले नाही. मला काय होत होतं ते सांगायला शब्द नाहीत. पोळ्या लाटताना लाटणं मध्येच थांबायचं. शेखर पहाटे गाडी घेऊन जायचा आणि मी कान रस्त्याकडे लावून बसायची. फोन वाजला की पीठभरल्या हातानंच उचलायची. कुणीतरी "भाभी, आज डबा नको" सांगायला फोन करायचं आणि मी त्याच्यावरच खेकसायची, कारण खेकसायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. शेखर घरात आला की आधी त्याच्या ओठांचा रंग बघायची. जिना चढून आला की किती धापा टाकतोय ते ऐकायची. तो झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची आणि तो हलला की हात चोरासारखा मागे घ्यायची.

आणि बोलायची नाही. का बोलायची नाही, ते ऐका. सुरुवातीला अब्रूपायी. मग वेगळंच एक भय मनात शिरलं. मला वाटायला लागलं, शेखर जिवंत आहे तो माझ्या गप्प राहण्यामुळं. त्यानं देवाला शब्द दिलाय, मीही दिलाय. मी माझा मोडला तर देव म्हणेल, ठीक आहे, या घरातले शब्द असलेच. आणि शिक्षा मला करणार नाही, त्याला करील. माणूस घाबरला की काय काय मनात आणतो! आता सांगताना मलाच लाज वाटते. पण तेव्हा मी जीभ दाताखाली धरून अख्खे दिवस काढलेत.

बोलायचं नाही तर दुसरं काहीतरी करू, म्हणून एकदा मी गोळी खलबत्त्यात कुटली आणि शेंगदाण्याच्या चटणीत मिसळली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला, आणि माझं काळीज उडालं. कुटलेली चालते का, किती घालायची, रिकाम्या पोटी चालते का, मला काय माहीत? आणि प्रार्थना करून ताटावर बसलेल्या माणसाला मी फसवून औषध चारतेय. "राहू द्या ती, खवट झालीय," म्हणून मी चटणी उचलली आणि मोरीत टाकली. तो माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून गोळ्यांची पाकिटं मी पर्समध्ये घालून हिंडू लागले. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. जवळ असाव्यात एवढंच वाटायचं.

आमच्या मालकीणबाई रत्नाबाईंनी मला धुण्याच्या दगडापाशी रडताना पकडलं. त्या हरभऱ्याची भाजी घेऊन आल्या होत्या. माणसाला बोलतं करायची त्यांना सवय आहे. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी गोळ्याच न्हाई घेत तुजा मालक?" त्यांनी भाजी दगडावर ठेवली. "आन तू काय करतीयास?"

"मी निर्धार केलाय, मावशी. उलटून बोलायचं नाही."

"आगं बया!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आमी बी नवस बोलतो की. कुणी चपला सोडतं, कुणी गोड सोडतं. पर नवसापायी औशद सोडल्यालं म्या न्हाई बगितलं. देवाला काय गोळीचा राग हाय व्हय?"

"तुम्हाला नाही कळायचं ते. आमच्यात शब्द दिला की दिला."

"न्हाई कळायचं तर न्हाई कळायचं," त्या ठसक्यात म्हणाल्या. "पर रांडमुंड झाल्यावर हितं येऊन रडू नगंस. आत्ता बोल काय बोलायचं ते."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तो शब्द त्यांनी तोंडातून काढलाच कसा? मी भाजी तिथंच टाकून आत गेले आणि दार लावून घेतलं. दाराआडच उभी राहिले, कारण मी जे मनातसुद्धा म्हणत नव्हते ते त्यांनी म्हणून टाकलं होतं.

त्याच दुपारी मी पाळकसाहेबांकडे गेले. ते शाळेत लहान पोरांना संगीत शिकवतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला सांभाळतात. वाईट माणूस नाही. मी विचारलं, "साहेब, तुम्ही एक शब्द त्यांना सांगाल का? तुमचं ऐकतील."

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "एस्तेरबाई, मलाही त्या दिवसापासून झोप नाही. पण मी आमेन म्हणून बसलोय. सगळ्यांसमोर. आता मीच जाऊन म्हटलं, शेखर, गोळी घे, तर त्याचा विश्वास पाळकानं मोडला असं होईल. आणि तो एकटा नाही आता. त्याचं बघून गंगूबाईंनी साखरेच्या गोळ्या बंद केल्यात."

"काय?"

"परवा सांगून गेल्या. फार आनंदात होत्या." ते खाली बघत म्हणाले. "मी काय करू ते मला कळत नाही. प्रार्थना करतोय."

मी घरी आले ती पाय ओढत. पाळकच घाबरलेत म्हटल्यावर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्या रविवारी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "टिकलात का?" गंगूबाई टिकल्या होत्या. शेखर टिकला होता. मी उठून म्हणाले, "टिकले," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेखरही वाजवत होता. एवढं कौतुक मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि मी पर्समधल्या पाकिटांवर हात दाबून उभी होते.

सव्वीस जानेवारीला मंडळीचं वनभोजन ठरलं होतं, ताम्हिणीला. गाडी अर्थातच शेखरची. मी नको नको म्हणत होते, म्हणजे मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले. मागं अख्खी मंडळी, मांडीवर पोरं, पातेली, ढोलकी. पौड सोडल्यावर गाणी सुरू झाली. थंडी कडक होती, काचा बंद होत्या. खाली धरणाचं पाणी दिसू लागलं की पोरं ओरडायची.

मी पाणी बघत नव्हते. मी शेखरला बघत होते. मुळशी मागं पडलं आणि वळणं सुरू झाली तेव्हा त्यानं स्वेटरची चेन खाली ओढली. मग डावा हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला. मग तो झटकला. मला वाटलं मुंग्या आल्या असतील. मग त्याच्या कानामागून घामाचा ओघळ खाली आला. मागं बाया शाली घेऊन बसलेल्या, आणि याला घाम.

"अहो," मी हळूच म्हणाले. "काय होतंय?"

"काही नाही. सकाळची मिसळ वर येतेय."

"गाडी थांबवा."

"इथं कुठं थांबवू? वळण आहे." त्याचा आवाज कोरडा झाला होता. समोरून एक टँकर आला, त्यानं गाडी दगडांच्या कठड्याकडे घेतली. जरा जास्तच घेतली. माझ्या बाजूच्या काचेतून खाली नुसती झाडांची टोकं दिसली. मागं ढोलकी जोरात चालली होती. कुणाला काही पत्ता नव्हता.

"थांबवा ना हो," मी म्हणाले.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "एस्तेर, निर्धार..."

"खड्ड्यात गेला निर्धार!" मी किंचाळले. "गाडी थांबवा म्हणते ना! छातीत दुखतंय तुमच्या, मला आंधळी समजता का? मागं पोरंबाळं आहेत, सगळ्यांना घेऊन मरायचंय? थांबवा!"

ढोलकी बंद पडली. गाण्याचा एक आवाज उगाच थोडा पुढं गेला आणि तोही थांबला. शेखरनं पुढच्या वळणावर एका ढाब्याच्या मोकळ्या जागेत गाडी घातली, ब्रेक दाबला, आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानंच आठवतं. मनीषनं त्याला खाली उतरवलं. ढाब्याच्या खाटेवर बसवलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी पर्स पालथी केली, गोळ्या काढल्या, हातात धरल्या. आधीच्या झटक्याच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, कुठली जिभेखाली, कुठली चावून. मी त्याच्या तोंडाशी हात नेला, आणि त्यानं तोंड मिटून घेतलं.

"अहो!"

त्यानं मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत मी त्याला तसं घाबरलेलं बघितलं नव्हतं, पहिल्या झटक्यातसुद्धा नाही. "आत्ता घेतली तर शब्द मोडेल," तो कसाबसा म्हणाला. "मग तो मला कशाला वाचवेल? मला सोडून देईल तो. मरीन मी, एस्तेर."

म्हणजे हाही! जे भय मी घरात एकटी घेऊन बसले होते, तेच हा गाडीत घेऊन बसला होता. 

"मी नाही मोडला?" मी ओरडले. ढाब्यावरची गिऱ्हाइकं उठून उभी राहिली, मला त्याचं काही नव्हतं. "आत्ता, सगळ्यांदेखत मोडला ना मी? देवाला दिलेला शब्द! तीन आमेनचा! मग? पडली वीज माझ्यावर? फाटली जमीन? उभी आहे ना मी इथं, कोकलतेय ना? आणि पडायचीच असली तर पडू दे माझ्यावर, माझ्या एकटीवर, मी घेते ते अंगावर! तोंड उघडा!"

तेवढ्यात पाळकसाहेब पुढं आले. ते खाटेपाशी मातीत गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "शेखर, घे. मी आमेन म्हणालो ते माझं चुकलं. मी ते मागं घेतो. देव गोळ्यांवर रागावत नाही रे. घे, बाळा."

शेखरनं तोंड उघडलं. मी एक गोळी जिभेखाली ठेवली, बाकीच्या दातांत. तो चावत होता आणि रडत होता. मागं गंगूबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. थट्टा वगैरे सगळी गेली होती त्यांची. त्या मनीषला हळूच म्हणाल्या, "पोरा, मला पण दवाखान्यात घे. चार दिवसांपासून डोळ्यांपुढं अंधारी येतेय."

मनीषनं ट्रॅव्हलर चालवली. शेखरला सीटवर नीट निजवता येईना, म्हणून मी खाली पत्र्यावर बसले आणि शेखरचं डोकं मांडीवर घेतलं. मंडळी ढाब्यावरच राहिली, आम्ही चौघं आणि पाळकसाहेब निघालो. तो परतीचा रस्ता! आयुष्यात दुसऱ्यांदा कुणी मला तो दाखवू नये. प्रत्येक वळणाला त्याचं डोकं घसरायचं आणि मला वाटायचं, गेला. मला प्रार्थनासुद्धा सुचेना. नको नेऊस, नको नेऊस, एवढंच पुटपुटत होते. पौडच्या दवाखान्यात त्याला सलाइन लावलं, गंगूबाईंना तिथंच ठेवून घेतलं, आणि शेखरला ॲम्ब्युलन्सनं पुण्याला हलवलं.

नळीत गुठळी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी ती पुन्हा मोकळी केली, आणि मग बाहेर येऊन मला अशा काही बोलल्या की माझ्या बोलण्याचं त्यापुढं काहीच नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. हृदयाचा एक भाग आता कामाचा राहिला नाही, असं त्या म्हणाल्या. जगेल. पण गाडी परत नाही, ओझं नाही, जिने जपून. जगेल हाच शब्द मी घट्ट धरून ठेवला. बाकीचं कळायला नंतर वेळ होता.

दोन दिवसांनी दुपारी त्याला बोलायला दिलं. मी खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. नाकात नळी, हातात सुई. तो म्हणाला, "एस्तेर, तू पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"मी शब्द दिला होता ना," मी म्हणाले.

"मला वाटलं होतं, जिना उतरायच्या आत तू कडाडशील." त्याला मध्ये मध्ये दम लागत होता. "शब्द तोंडातून गेला आणि तिथंच मी घाबरलो होतो. पण आमेन झालेलं. म्हटलं, जाऊ दे, घरी ही मला सोडणार नाही. मग मी मंडळीत सांगेन, काय करू, बायको ऐकत नाही, घ्यावी लागते. रोज सकाळी गाडी काढायच्या आधी गोळ्या असायच्या त्या फ्रिजपाशी उभा राहायचो मी. वाटायचं, आज बोलेल. आज तांब्या घेऊन समोर येईल. तू पोळ्याच लाटत बसायचीस."

मी त्याचा हात धरला होता तो माझ्याच हातात ओला झाला.

"अहो, मग तुम्ही का नाही म्हणालात मला?" मी म्हणाले. "एवढंच म्हणायचं होतं, एस्तेर, बोल. एवढंच! मी काय नाही म्हणाले असते?"

त्यानं डोळे मिटले. "आयुष्यात पहिल्यांदा तू टिकली होतीस," तो म्हणाला. "सगळे टाळ्या वाजवत होते. म्हटलं, माझ्यापायी तुझा मोडायला नको."

मी ओरडले नाही, रडलेही नाही. उठून सिस्टरना विचारायला गेले की त्याची पुढची गोळी किती वाजता द्यायची.